सुट्टी किती वाजता होते?

हुडकेश्वरहून वर्धा रोड आठ-नऊ किलोमीटर. मानेवाडा चौकातून रिंग रोडला लागायचे, ओंकारनगर, नरेंद्रनगर मागे टाकत छत्रपती चौकात पोचायचे, की वर्धा रोड आलाच. एवढ्या अंतरासाठी कुणी बॅगा भरीत नाही. आम्ही भरल्या. मे महिन्याची अखेर, नवतपा नुकताच लागलेला, कूलरच्या ताट्या दुपारपर्यंत वाळून कोळ होणारे दिवस. शेजारच्या काकूंनी फाटकातूनच विचारले, "कुठं गावाला?" आम्ही दोघेही भाषा शिकवून पोट भरणारी माणसे, पण त्या क्षणी आम्हांला नीट उत्तर सुचले नाही. "इथंच, जरा," असे काहीतरी पुटपुटून आम्ही गाडी काढली.

'इथंच' म्हणजे वर्धा रोडवरचे एक साखळी-हॉटेल. मिहान येणार, जगभरची विमाने नागपुरात उतरणार, असे स्वप्न हे शहर पाहत होते त्या काळात ते उभे राहिले. स्वप्नाचे पुढे जे व्हायचे ते झाले. आम्ही तिथे एक रात्र राहणार होतो, आणि तीही फुकट. क्रेडिट कार्डावर साठलेले पॉइंट ३१ मे रोजी बाद होणार होते. त्यांत बसणारी, जवळची, एका रात्रीची हीच एक खोली निघाली.

हे पॉइंट आले कुठून, हे सांगणे भाग आहे. मागच्या वर्षी आमचे बाबा अठरा दिवस दवाखान्यात होते. विम्याच्या कंपनीचे आणि दवाखान्याचे पत्रव्यवहार चालू असताना दर दोन दिवसांनी काउंटरवर रक्कम भरावी लागे, आणि आम्ही आळीपाळीने आपापले कार्ड पुढे करीत असू. एकूण साडेपाच लाखांच्या आसपास गेले. बाबाही गेले. पुढे काही महिन्यांनी बँकेचा संदेश आला : अभिनंदन, आपल्या खात्यात इतके गुण जमा आहेत. 'अभिनंदन' या शब्दावर आमची नजर किती तरी वेळ खिळून राहिली होती.

या गुणांचा इतिहास आम्ही नंतर हौसेने वाचून काढला. केमन्स विल्सन नावाचा अमेरिकन गृहस्थ १९५१ साली बायको आणि पाच मुलांना घेऊन सहलीला निघाला. वाटेतल्या मुक्कामांच्या जागा मुलामागे दोन-दोन डॉलर जादा घेत. तो चिडला आणि १९५२ साली मेम्फिस शहरात त्याने स्वतःचेच हॉटेल काढले. तेच 'हॉलिडे इन'. कुठेही जा, तीच खोली, तीच गादी, मुलांचे पैसे नाहीत, हे त्याचे वचन. एवढी मोठी हॉटेल-साखळी एका कुटुंबवत्सल माणसाच्या रागातून जन्मली, हे आम्हांला आवडले. गुणांची टूम मात्र आधी विमानवाल्यांनी काढली. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली प्रवासाचे मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली, आणि १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरिएट या साखळ्या त्याच वाटेने गेल्या. परत परत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या निष्ठेचे हे मोल. आमची निष्ठा कुठेच नव्हती. आम्ही फक्त एका काउंटरसमोर अठरा दिवस उभे होतो. चित्रगुप्ताच्या वहीत अशा उभे राहण्याची काय नोंद होते ठाऊक नाही. बँकेच्या वहीत मात्र झाली होती.

गुण तसेच बाद होऊ द्यावेत, असे आमच्यापैकी एकाचे मत होते. दुसऱ्याचे मत होते की ते वापरावेत आणि आईला न्यावे. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई, एकाच्या सासूबाई. त्यामुळे लिहिताना 'ती' म्हणावे की 'त्या', हा पेच पडला. वीस वर्षे एका छपराखाली काढल्यावर एकेरीवर दोघांचाही हक्क होतो, असे ठरवून पुढे जात आहोत.) गुण कशाचे, हे आईला सांगायचे नाही, यावर दोघांचे एकमत झाले. बँकेकडून बक्षीस मिळाले, एवढेच सांगितले. खोटे नव्हते.

आता बाबांविषयी. सार्वजनिक बांधकाम विभागात ते कारकून होते. १९५३च्या नागपूर कराराचे जे काही या शहराच्या वाट्याला आले, त्यात दर वर्षीचे एक अधिवेशन आहे. आणि अधिवेशन म्हटले की आमदार निवास, रविभवन, नागभवन यांच्या खोल्या झाडणे, रंगवणे, गाद्या-रजया मोजणे आले. नागपूरच्या डिसेंबराला लोक संत्र्यांचा आणि थंडीचा महिना म्हणतात. आमच्या घरात तो 'ड्यूटीचा महिना' होता. अठ्ठावीस डिसेंबर बाबांनी दुसऱ्यांच्या अंथरुणाची व्यवस्था करण्यात घालवले. कोणत्या खोलीत किती उशा, किती बादल्या, कोणत्या गिझरला शॉक बसतो, सारे त्यांच्या एका लांबट वहीत असे. स्वतः मात्र सामानाच्या कोठीत, न वाटलेल्या गाद्यांच्या चळतीवर झोपत. निवृत्तीनंतरही डिसेंबर आला की ते अस्वस्थ होत. २०२० आणि २०२१ साली अधिवेशन नागपुरात झालेच नाही, तेव्हा "गाद्यांना ऊन कोण दाखवत असेल?" हा प्रश्न त्यांनी आम्हांला निदान दहादा विचारला असेल. दवाखान्यातही पहिल्या दिवशी त्यांनी हाताच्या तळव्याने गादी दाबून पाहिली होती आणि "रेग्झिन आहे, घाम येईल," असा शेरा दिला होता.

हॉटेलच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा ऊन उतरणीला लागले होते. दर्शनी भाग चकचकीत. पण लिफ्टमधल्या आरशाच्या कडा काळवंडलेल्या, तिसऱ्या मजल्यावरचा गालिचा मधल्या पट्ट्यात झिजून दोरे दिसू लागलेला. खोलीत एसीचा गारवा आणि त्यात मिसळलेला ओलसर वास. मुलाने धावत जाऊन पडदा सारला, तर खिडकीच्या उंचीवरून समोरून मेट्रो गेली. २०१९ साली ही मेट्रो आली, पाठोपाठ दुमजली उड्डाणपूल आला, आणि जी खिडकी मोकळ्या आकाशाच्या भरवशावर बांधली होती तिच्यात आता उभे प्रवासी दिसू लागले. मुलगा खूश होता. त्याने अकरा गाड्या मोजल्या.

आई दारातच उभी होती. पांढरी शुभ्र चादर, चारी कोपरे गादीखाली ताठ दुमडलेले, उशाशी बटणांची पाटी, बाजूला फोन, भिंतीवर पिवळट उजेडाचा दिवा. तिने हे सारे एकदा पाहिले आणि खुर्चीवर जाऊन बसली. पलंगाकडे पाठ करून. आम्ही चहा सांगितला, तिने घेतला. आम्ही झोपायचा आग्रह केला, तेव्हा ती म्हणाली, "मी बसते. तुम्ही पडा घटकाभर. रात्री जागायचं आहे."

रात्री जागायचे कशाला, असे विचारायला तोंड उघडले आणि दोघेही गप्प झालो.

'हॉटेल' आणि 'हॉस्पिटल' हे शब्द एकाच लॅटिन शब्दापासून निघाले, हे वर्गात सांगताना आम्ही नेहमी जरा भाव खातो. पाहुण्याची सोय जिथे होते ते ठिकाण, एवढाच मुळात अर्थ. आजारी पाहुणा एका वाटेने गेला आणि पैसेवाला दुसऱ्या. मराठीने तर 'हॉटेल'ला आणखी तिसरीकडे नेले. आपल्याकडे हॉटेलात माणूस भजी खायला जातो, राहायला जातो तो लॉजवर. आमचा 'पाहुणा'ही मुळात संस्कृतातला 'प्राघुण', आणि 'अतिथी' तर ज्याची तिथी ठरलेली नाही तो, असे परंपरा सांगते. आमच्या गुणांना मात्र तिथी होती. ही सारी व्युत्पत्ती त्या खोलीत आम्हांला आठवली, आणि अगदी निरुपयोगी वाटली. आईला ती कुणी शिकवली नव्हती. चादरीवरून तिने ओळखले होते.

शेवटी तिच्यासाठी काय केले म्हणाल, तर चादर काढली. घरून, सवयीने, तिची जुनी सुती गोधडी बॅगेत टाकली होती, ती पसरली. हॉटेलची चादर घडी करून कपाटात ठेवली. मग ती उठली, आणि पलंगाकडे न जाता आधी न्हाणीघरात गेली. नळ उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला, पुन्हा उघडल्याचा आला. बाहेर येऊन म्हणाली, "गरम पाणी यायला वेळ लागतो. टॉवेल चार आहेत, एक फाटका." कपाट उघडून तिने हँगर मोजले. मग तळव्याने गादी दाबली. थोडी जोरात, पुन्हा एकदा.

"ह्यांना चालली असती," ती म्हणाली, आणि आडवी झाली.

त्या रात्री झोपली की नाही, सांगता येत नाही. आम्ही दोघे जागे होतो. एसी मधूनच खडखडे, शेवटची मेट्रो गेल्यावर रस्ता बराच शांत झाला. बाबा गेल्यापासून घरात त्यांच्याविषयी बोलणे झाले होते ते कागदपत्रांपुरते : दाखला, वारस, पेन्शनचा अर्ज. अंधारात आईने आपण होऊन आमदार निवासाच्या कोठीची गोष्ट काढली. एका डिसेंबरात थंडी फार पडली म्हणून ती त्यांना घरून स्वेटर द्यायला गेली होती. तर हे गाद्यांच्या चळतीवर छताला टेकतील इतके उंच बसून वही लिहीत होते आणि खाली उतरता येईना. कसे उतरवले, हे सांगताना ती हसली. गोष्टीत दोन शिपाई आणि एक शिडी होती. आम्ही पन्नाशीकडे झुकलो, पण ही गोष्ट कधी ऐकली नव्हती.

सकाळी नाश्त्याला पोहे होते, सोबत तर्री. ती मात्र झकास होती, हे नमूद केले पाहिजे. मुलाने दोनदा घेतली.

खाली उतरताच आईने स्वागतकक्षातल्या पोराला विचारले, "बाबू, इथं सुट्टी किती वाजता होते?"

आपल्या नागपूरकडे दवाखान्यातून सुटतात त्यालाही सुट्टीच म्हणतात. पोरगा इकडचाच असावा. तो जराही न चाचरता म्हणाला, "अकरा वाजता, आजी. पण आत्ताही होते."

बिल आले. देय रक्कम : शून्य. आईने चष्मा लावून ते वाचले, आणि आमच्याकडे न बघताच विचारले, "हे दवाखान्याच्याच पैशाचं ना?" आम्ही हो म्हणालो. तिने मान हलवली. कधीपासून माहीत होते, हे आम्ही विचारले नाही.

पोराने वरच्या मजल्यावर फोन लावून खोली तपासायला सांगितले. सामान कमी तर झाले नाही ना, हे पाहण्याची ती रीत. आमच्यापैकी एकाला ते लागले. एका रात्रीत आम्ही काय पळवणार होतो? तसे काही बोलण्याच्या आत आईने हात वर केला.

"मोजू दे त्याला. मोजल्याशिवाय सोडायचं नसतं."

आणि ती काउंटरला टेकून उभी राहिली, वरून फोन येईपर्यंत.