लूप कोणाच्या ताब्यात?

आयआरसी ही गप्पांची व्यवस्था फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली सुरू केली. तिच्या सर्व्हरची पारंपरिक घडण साधी आहे: एक थ्रेड, एक मुख्य लूप, आणि प्रत्येक फेरीत कुठल्या सॉकेटवर काही आलंय हे ‘सिलेक्ट’ला विचारायचं. अशा लूपमध्ये लिबइव्हेंट ही सॉकेटवर नजर ठेवणारी लायब्ररी बसवण्याचं काम केल्यापासून माझं मत ठाम आहे की लूप एकाच्याच ताब्यात असावा. जुना लूप चालू ठेवून त्याच्या प्रत्येक फेरीत लायब्ररीला क्षणभर संधी देणं सुरक्षित वाटतं, पण ते टिकत नाही. जुना लूप ‘सिलेक्ट’मध्ये सेकंदभर झोपला, तर लायब्ररीकडच्या सॉकेटवर आलेला मजकूर तोवर तसाच पडून राहतो, कारण त्या सॉकेटची जुन्या लूपला खबरच नसते. झोप दहा मिलिसेकंदांवर आणली, तर कुणी बोलत नसतानाही सर्व्हर सेकंदाला शंभरदा उगाच जागा होतो.

यावर जाणकार म्हणतील, की लिनक्सवर ‘सिलेक्ट’च्याच कामाच्या ‘ईपोल’चा स्वतःचा डिस्क्रिप्टर ‘सिलेक्ट’ला देता येतो, म्हणजे लायब्ररीकडे काही आलं की जुना लूप जागा होतो, आणि लिबयूव्ही ही तशीच दुसरी लायब्ररी तर तो डिस्क्रिप्टर व पुढच्या टायमरची मुदत दोन्ही मागितल्यावर देते. हे खरं आहे. मुख्य लूप दुसऱ्याचा असेल, उदाहरणार्थ खिडक्या-बटणांच्या प्रोग्रॅममध्ये, तिथे हाच मार्ग योग्य. पण चॅट सर्व्हरचा लूप आपलाच असतो. शिवाय जुन्या ‘सिलेक्ट’ची, बहुतेक ठिकाणी १०२४ डिस्क्रिप्टरांची, मर्यादा तशीच राहते, आणि ती ओलांडायलाच तर लायब्ररी आणलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वर्षानुवर्षं चाललेला कोड मुळापासून का हलवायचा? माझ्या मते धोका लूपमध्ये नसून जोडणी मिटवण्यात आहे. आयआरसीत एकाच्या संदेशामुळे दुसऱ्याची जोडणी तुटू शकते. संचालकाने ‘किल’ दिला, किंवा एखाद्याची पाठवायची रांग तुंबली. कॉलबॅकमध्येच त्या ग्राहकाचा (क्लायंटचा) इव्हेंट रद्द करून त्याची मेमरी मोकळी केली, तर लिबइव्हेंट तो इव्हेंट पुन्हा चालवणार नाही. पण ज्या फंक्शनांतून आपण इथवर आलो, त्यांच्या हातात तोच पॉइंटर अजून असतो. चॅनेलच्या सदस्यांना संदेश वाटता वाटता असं झालं, की सर्व्हर कोसळतो, आणि कोसळण्याची जागा मूळ कारणापासून बरीच लांब असते. म्हणून ग्राहकावर फक्त ‘मृत’ अशी खूण करावी आणि फेरीच्या शेवटी झाडलोट करावी. हा बदल जुन्या लूपमध्येच आधी करून, खऱ्या वर्दळीत चालवून पाहता येतो. तो स्थिरावला, की ‘सिलेक्ट’ काढून लूप लायब्ररीच्या हाती देणं हे त्यामानाने छोटं काम उरतं.