पहाटेचा शुक्र आणि फौजेच्या नोंदी

चिंचवडहून पूर्व-आग्नेयेला लोहगाव. तिथली धावपट्टी हवाई दलाची, प्रवासी विमानंही तिथूनच उडतात. रात्रपाळीत चहाला कारखान्याच्या गेटबाहेर आलेल्या कामगाराला त्या बाजूला जागचा न हलणारा झगझगीत दिवा दिसला, तर ते सरळ आपल्याकडे तोंड करून येणारं विमान असू शकतं. पहाटे शुक्रही असू शकतो. बघणाऱ्याला वेडा ठरवू नये. त्याला दिसलं ते खरंच तिथे होतं.

*

लडाखचं प्रकरण मला फार मोलाचं वाटतं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरात जवानांनी अनोळखी दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या. त्यातल्या १५५ वेळा हद्द ओलांडल्याचंही लिहिलं गेलं. संशय चिनी ड्रोनचा. सीमेवर पहाऱ्याला उभ्या असलेल्या माणसाने तो घ्यायलाच हवा.

लष्कराने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. तिथल्या तुषार प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता, वस्तू आकाशातली की पृथ्वीवरची? एक दिवा संध्याकाळी सहा ते पहाटे पाच दिसायचा, दुसरा पहाटे चार ते सकाळी अकरा. पहिला निघाला गुरू, दुसरा शुक्र. ३ डिसेंबर २०१२ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणून रात्रभर आकाशात. आणि लडाखच्या विरळ, स्वच्छ हवेत शुक्र दिवसाउजेडीही नजरेत राहतो.

जवानांनी कडाक्याच्या थंडीत वेळा लिहून ठेवल्या, म्हणून हे उकललं. श्रेय आधी त्यांचं.

*

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे रांगेने गेले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं सुमारे दहा फूट व्यासाचं कडं पडलं. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचा टप्पा असावा. गावकऱ्यांना निदान हाताला लागेल असा पुरावा मिळाला.

*

इंफाळ, १९ नोव्हेंबर २०२३. विमानतळावर दुपारी काहीतरी उडताना दिसलं. उड्डाणं काही तास थांबली, हवाई दलाने राफेल विमानं पाठवली. ती वस्तू पुन्हा दिसली नाही, असं दलाच्या पूर्व विभागाने कळवलं. एवढ्यावर शोध थांबला याचं मला वाईट वाटतं. आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंचा छडा लावणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पातही १२,६१८ पैकी ७०१ नोंदी अशाच उकल न होता राहिल्या.

*

काही दिसलं तर आधी घड्याळ बघावं, मग दिशा. विजेचा खांब किंवा गच्चीचा कठडा खुणेला धरावा. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे आकाशातले साधारण १० अंश. ग्रह तेवढं अंतर सुमारे ४० मिनिटांत सरकतो. विमान तोवर लोहगावला उतरलेलं असतं.