धावतं वर्णन आणि अकरा चुका

मागच्या शनिवारी मॅच बघत होतो. मोबाइलवर, अर्थात. शेवटच्या ओव्हरला चार रन हवे होते. बोलर अजून रनअपच्या टोकाला बॉल पॅंटला घासत उभा, आणि शेजारच्या फ्लॅटमधून "आउट!" अशी आरोळी आली. झालं! त्यांचा टीव्ही आमच्या मोबाइलच्या चांगला अर्धा मिनिट पुढे चालतो. चित्राचे तुकडे करायचे, ते एन्कोड करायचे, सर्व्हरवर टाकायचे, मग आमच्या फोनने त्यातले दोन-चार साठवून ठेवायचे, म्हणून हा उशीर. मी हिंजवडीत पोटापाण्यासाठी असलीच कामं करतो, त्यामुळे कारण माहीत आहे. चिडचीड व्हायची ती होतेच.

तेव्हा आजोबांचा ट्रान्झिस्टर आठवला. त्यात उशीर नव्हता. बाकी सगळे दोष होते.

आमचं घर खडकीत, स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. आजोबा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यानंतर काही वर्षांत काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. माणसाची सावली कळायची, चेहरा नाही. त्यामुळे खिडकीतला तो चामड्याच्या कव्हरमधला ट्रान्झिस्टर म्हणजे त्यांचं वर्तमानपत्र, नाटक, शेजार, सगळं काही. लोणावळा लोकल गेली की त्यात खर्रर्र व्हायचं. आई मिक्सर लावायची तेव्हाही. मग आजोबा रेडिओ थोडा फिरवायचे, अगदी दोन बोटं, आणि आवाज बराच स्वच्छ व्हायचा. मला ती जादू वाटायची. इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, की मिडियम वेव्हच्या रेडिओत आत फेराइटची कांडी असते. ती आडव्या बाजूने येणारे सिग्नल जास्त पकडते आणि टोकाकडून येणारे कमी. म्हणजे आजोबा कांडीचं टोक मिक्सरकडे करत होते. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. हाताला कळलेलं होतं.

तर, मूळ मुद्दा क्रिकेटचा.

कसोटी असली की आकाशवाणीवर हिंदी आणि इंग्रजी कॉमेंट्री आळीपाळीने. सुशील दोशींची हिंदी, सुरेश सरैयांची इंग्रजी. पण आजोबांचा जीव मराठीत. आमच्या पिढीला पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक, निर्धाव षटक हे शब्द जन्मापासून असल्यासारखे वाटतात. ते मराठी कानांत रुजवण्यात बाळ ज. पंडितांचा वाटा फार मोठा. स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला माणूस, त्यामुळे बोलण्यात अधिकार होता. 2015 साली ते गेले तेव्हा आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना नाव माहीत नव्हतं. पण "षटकार" सगळेच म्हणत होते.

पण ही गोष्ट पंडितांची नाही. ही आहे स्थानिक सामन्यांचं धावतं वर्णन करणाऱ्या एका दुसऱ्याच गृहस्थांची. नाव सांगत नाही. आजोबा त्यांना 'मास्तर' म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

मास्तर चुकायचे. म्हणजे किती चुकायचे! डावखुऱ्याला उजवा करायचे. "आणि उंच उडालेला झेल... सुटला... नाही, घेतला! घेतला बरं का!" अशी आमची तीन सेकंदांत दोनदा पुण्यतिथी. नव्या बॅट्समनचं नाव कळायला कधीकधी दोन ओव्हर लागायच्या, तोवर तो "हा नवा, सडपातळ गृहस्थ". स्कोअर सांगायचं तर विसरूनच जायचे, कारण त्यांचं लक्ष भलतीकडे. पर्वतीच्या बाजूने वारा सुटलाय, स्टॅंडची सावली आता पीचपासून वीस पावलांवर आलीय, थर्ड मॅनला कावळे बसलेत आणि तिथला खेळाडू त्यांना हुसकावत नाहीये, अंपायरने स्वेटर कमरेला बांधलाय. आणि चहापान लांबलं की हमखास निंबाळकर. डिसेंबर 1948, पूना क्लबचं मैदान, काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचा 452 चा विश्वविक्रम दहा धावांवर, आणि समोरच्या कप्तानाने खेळच सोडून दिला. महाराष्ट्र 4 बाद 826. या गोष्टीतला एकही आकडा मास्तर कधी चुकले नाहीत. समोर चाललेल्या मॅचमधले मात्र सगळे.

याचा त्रास मला व्हायचा, कारण घरचा स्कोअरर मी होतो. दोनशे पानी वहीत रेघा मारून मी आजोबांसाठी स्कोअरबुक लिहायचो. स्कोअरबुक लिहिलंय कधी? फार सुंदर चीज आहे. बॅट्समनचे रन अधिक अवांतर म्हणजे एकूण, आणि दुसरीकडून बोलर्सनी दिलेले रन अधिक बाय-लेगबाय म्हणजेही तेच एकूण. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. आयुष्यातला माझा पहिला चेकसम. आणि मास्तरांमुळे तो कधीच जुळायचा नाही. एका ओव्हरमध्ये पाच बॉल, दुसरीत सात.

1993 च्या जानेवारीत, सातवीत असताना, माझी सटकली. दोन दिवस बसून यादी केली आणि पोस्टकार्ड टाकलं. "महोदय, आपल्या परवाच्या वर्णनात पुढील अकरा चुका आढळल्या." क्रमांक घालून. ओव्हरसकट. सही, पत्ता, खडकी, पुणे 3. आजोबांना सांगितलं नाही. सरप्राइज द्यायचं होतं ना.

पुढच्या मॅचला सुरुवातीलाच मास्तर म्हणाले, "खडकीच्या एका जाणकार श्रोत्याने आमच्या काही चुका कळवल्या आहेत. त्यांचे आभार. यापुढे काळजी घेऊ." मी पलंगावरून उडालोच. आजोबांनीही माझ्या पाठीवर थाप मारली.

मग मॅच सुरू झाली. "एक धाव. धावसंख्या बेचाळीस. पुढचा चेंडू. धाव नाही. धावसंख्या बेचाळीस." बॉलागणिक स्कोअर. प्रत्येक नावाआधी अर्धा सेकंद थांबायचे, बहुतेक कागद बघत असणार. कावळे नाहीत, वारा नाही, स्वेटर नाही. चहापानाला निंबाळकरसुद्धा नाहीत. आणि माझी वही? त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही बाजू जुळल्या.

मी नाचत आजोबांना सांगायला गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "बाळा, बंद कर. आज काही दिसत नाही."

दिसत नाही. हाच शब्द.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. माझ्यासाठी मास्तर म्हणजे डेटा होता, तोही चुकीचा. आजोबांसाठी ते डोळे होते. स्कोअर काय, संध्याकाळच्या बातम्यांत कळला असता, सकाळी पेपरमधून मी वाचून दाखवला असता. सावली पीचपासून किती पावलांवर आली, हे दुसरं कोण सांगणार होतं?

बरं, मास्तरांची बाजूही मला फार उशिरा कळली. रिप्ले नाही, समोर पडदा नाही, बघायचं आणि बघता बघताच बोलायचं. बॅकस्पेस नाही. मी साधा डेमो देताना स्क्रीन शेअर करून बोलतो तेव्हा स्वतःच्या प्रोजेक्टचं नाव विसरतो.

दुसरं पोस्टकार्ड टाकलं. हे लिहायला जास्त वेळ लागला. "महोदय, चुकांचं राहू द्या. कावळ्यांबद्दल सांगत जा. माझ्या आजोबांना दिसत नाही." एवढंच. ते रेडिओवर वाचलं गेलं नाही. मिळालं की नाही, कधीच कळलं नाही. पुढच्या मॅचला तासभर तेच कोरडं पाढे म्हणणं. लंचच्या जरा आधी मास्तर मध्येच थांबले आणि म्हणाले, "मैदानावर आज ऊन अगदी कोवळं आहे बरं का. लॉंग ऑनचा खेळाडू टोपी काढून उभा आहे." आजोबांनी उठून बसून चष्मा लावला. चष्म्याचा काही उपयोग नव्हता, सवय होती. त्यानंतरच्या ओव्हरमध्ये माझ्या वहीत सात बॉल झाले.

29 फेब्रुवारी 1996 ला आमच्या नेहरू स्टेडियमवर वर्ल्डकपमध्ये केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं. केनिया 166, वेस्ट इंडिज सर्वबाद 93. दहावीची परीक्षा तोंडावर, त्यामुळे मी पुस्तकात डोकं आणि कान रेडिओकडे. पुढच्या सीझनला मास्तरांच्या पोतडीत निंबाळकरांच्या जोडीला ही दुसरी गोष्ट आली. गुबगुबीत विकेटकीपर तारिक इक्बालने लाराचा झेल कसा धरला, हे ते असं सांगायचे की ग्लोव्हजमध्ये बॉल अडकलेला दिसावा. शेवटी म्हणायचे, "आणि केनिया त्रेसष्ट धावांनी विजयी!"

"त्र्याहत्तर," आजोबा पलंगावरून म्हणायचे. दर वेळी. खुशीत. मी पोस्टकार्ड आणलं नाही.

2001 साली आजोबा गेले. मास्तर त्याच्या आधीच रेडिओवर येईनासे झाले होते. 2023 च्या आयपीएलला मोबाइलवर मराठी कॉमेंट्री आली तेव्हा मी हौसेने ऐकली. चांगली होती. स्कोअर तर पडद्यावर असतोच, तो चुकायचा प्रश्नच नाही.

दोन वर्षांपूर्वी टीममध्ये नव्या आलेल्या एका मुलीच्या कोडवर मी सत्तावीस रिव्ह्यू कॉमेंट टाकल्या. सगळ्या बरोबर होत्या, आजही पैजेवर सांगतो. आठवडाभरात ती मीटिंगमध्ये बोलायची बंद झाली. आधी ती भन्नाट कल्पना मांडायची, अर्ध्या चुकीच्या, पण आम्हा कोणाला न सुचणाऱ्या. आता विचारल्यावर "चालेल" म्हणायची. एका संध्याकाळी बसमध्ये खडकी आलं, आणि मला एकदम ते "धावसंख्या बेचाळीस" ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोललो. लगेच काही बदललं नाही. तासभर तरी लागतोच, हे मला माहीत होतं.

वही अजून आहे. जुळलेलं पान एकच, 1993 चं. बाकी सगळीकडे एक-दोन धावांचा फरक. मागच्या शनिवारी, शेजाऱ्यांनी मॅच फोडल्यावर, ती काढून बसलो होतो. न जुळणाऱ्या पानांच्या समासात मी पेन्सिलने काय काय लिहून ठेवलंय: "कावळे 4", "वारा", "अंपायर जांभई". जुळलेल्या पानाचा समास कोरा आहे.