न पाहिलेल्या काळाची ओढ : झटपट छायाचित्राचा पुनर्जन्म

२००८ च्या फेब्रुवारीत पोलरॉइड कंपनीने जाहीर केले की झटपट छायाचित्रांची फिल्म यापुढे तयार होणार नाही. डिजिटल कॅमेरे घरोघरी पोहोचले होते आणि निर्णय व्यवहाराला धरूनच होता. त्या सुमारास जन्मलेली मुले आता तारुण्यात पाऊल ठेवत आहेत, आणि पांढऱ्या चौकटीतल्या त्याच छोट्या छायाचित्रांसाठी खाऊचे पैसे साठवत आहेत.

या ओढीला 'स्मरणरंजन' म्हणण्याचा प्रघात आहे. पण स्मरणरंजनाला आधी स्मरण लागते. जी वस्तू बालपणी घरात नव्हतीच, तिची आठवण कोठून येणार? या आकर्षणाचे मूळ शोधायचे तर त्या वस्तूच्या घडणीकडे वळावे लागते.

१९४३ साली अमेरिकेतील सान्ता फे येथे सुटीवर असताना संशोधक एडविन लँड यांना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, आता काढलेला फोटो आताच का पाहता येत नाही? ही हकिकत लँड स्वतः सांगत असत. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये आपली पद्धत करून दाखवली. २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात पहिले कॅमेरे विक्रीस आले आणि त्याच दिवशी संपले. चित्र एका मिनिटात तयार होई. मात्र वरचा कागद सोलून ते वेगळे करावे लागे. १९७२ च्या 'एसएक्स-७०' या कॅमेऱ्याने तीही खटपट संपवली.

या छायाचित्राची खालची पांढरी पट्टी इतर तीन बाजूंपेक्षा रुंद का असते, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्या पट्टीत रसायनाची एक इवलीशी पिशवी दडलेली असते. फोटो बाहेर येताना दोन रुळांमध्ये दाबली जाऊन ती फुटते, रसायन फिल्मच्या थरांमध्ये पसरते आणि चित्र डोळ्यांदेखत उमटू लागते. छायाचित्रकाराची सगळी अंधारखोली जणू त्या कागदाच्या जाडीत सामावलेली असते.

या रचनेमुळे पुन्हा प्रती काढण्यासाठी वेगळी निगेटिव्ह उरत नाही. प्रत्येक छायाचित्र एकुलते एक. ते कोणाला भेट दिले तर देणाऱ्याकडे काही राहत नाही, आणि बिघडले तर पुसून पुन्हा काढता येत नाही. ज्या पिढीच्या फोनमध्ये हजारो चित्रे न पाहता पडून असतात, तिला ही मर्यादाच मोलाची वाटते. गंमत अशी की १९४८ साली ज्या तंत्राचे कौतुक वेगासाठी झाले, त्याचेच आज संथपणासाठी होते. तंत्र तेच राहिले, भोवतालचा काळ धावू लागला.

हा बदल आकड्यांतही दिसतो. जपानच्या फुजीफिल्मने १९९८ मध्ये आणलेल्या 'इन्स्टॅक्स' या झटपट कॅमेऱ्यांची वार्षिक विक्री २००२ च्या सुमारास १० लाखांवर पोहोचून दोनच वर्षांत १ लाखावर घसरली होती. २०१८ च्या आर्थिक वर्षात ती १ कोटीवर गेली.

परंतु मागणी असली की जुने तंत्र आपोआप परत येते, असा समज इतिहासाच्या अभ्यासकाने करून घेऊ नये. पोलरॉइडची फिल्म थोडक्यात वाचली. जून २००८ मध्ये नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्याच्या निरोप समारंभात व्हिएन्नाचे फ्लोरियान काप्स यांची गाठ तेथील अभियंते आंद्रे बोस्मान यांच्याशी पडली. यंत्रे भंगारात निघण्याच्या बेतात होती. दोघांनी पैसा उभा करून ती विकत घेतली, कारखान्याची इमारत भाड्याने घेतली आणि जुन्या जाणत्या कामगारांपैकी काहींना कामावर बोलावले. आपल्या उपक्रमाला त्यांनी नाव दिले 'इम्पॉसिबल', म्हणजे अशक्य.

यंत्रे होती, ती चालवणारे हातही होते. पण लागणाऱ्या अनेक रसायनांचे उत्पादनच थांबले होते. फिल्मची कृती नव्याने रचावी लागली. मार्च २०१० मध्ये पहिली फिल्म आली, तेव्हा बाहेर पडणारा फोटो लगेच प्रकाशापासून झाकावा लागे, रंग फिका तपकिरी येई आणि एका पाकिटात १० ऐवजी ८ च फोटो निघत. तरीही गिऱ्हाइकांनी ती घेतली, आणि त्या आधारावर ती वर्षागणिक सुधारत गेली. २०१७ मध्ये इम्पॉसिबलच्या मुख्य भागधारकाने पोलरॉइडचे नावच विकत घेतले.

कोडाक्रोमच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. १९३५ ची ही विख्यात रंगीत फिल्म कोडॅकने २००९ मध्ये बंद केली. तिच्यात रंगद्रव्य नसे. धुण्याच्या किचकट प्रक्रियेत ते एकेका टप्प्याने भरले जाई. हे काम करणाऱ्या जगातील शेवटच्या प्रयोगशाळेने, कॅन्सस राज्यातील पार्सन्स येथील 'ड्वेन्स फोटो'ने, ३० डिसेंबर २०१० रोजी शेवटचे रोल स्वीकारले. ही फिल्म ज्यांत बसते असे कॅमेरे आजही भरपूर आहेत. पण कुणाच्या आजोबांच्या कपाटात न धुतलेला रोल सापडला, तर त्यातून आज सहसा कृष्णधवल चित्रच निघते. त्या दिवसाचे रंग गेले ते गेलेच.

वस्तू टिकली म्हणजे तंत्र टिकले असे होत नाही. तंत्र ही यंत्र, कच्चा माल, पुरवठादार आणि कामगाराच्या बोटांतला सराव यांची साखळी असते. संग्रहालयात यातली फक्त पहिली कडी मांडता येते. तरुण पिढीची हौस अनेकांना नुसती फॅशन वाटते. पण या साखळीला रोजचे काम आणि रोजचा पगार मिळतो तो त्याच हौसेतून.

मुंबईच्या चोर बाजारात कधी पोलरॉइडचा १९६० च्या दशकातील घडीचा कॅमेरा हाती लागला, तर किंमत विचारण्याआधी त्याची फिल्म कोण बनवते ते विचारावे. त्या प्रकारची फिल्म मोठ्या प्रमाणावर बनवणारी शेवटची कंपनी फुजीफिल्म होती. तिने २०१६ मध्ये ती बंद केली. अशा कॅमेऱ्याचे भिंग स्वच्छ असू शकते, भाताही सुरळीत उघडतो. फिल्मचा कप्पा मात्र रिकामाच राहतो.