आगगाडीचं घड्याळ आणि सूर्यास्त



आमच्या धाकट्याला सध्या रेल्वेच्या विक्रमांचं वेड लागलंय. जेवतानाही प्रश्न चालूच. सगळ्यात लांब फलाट कुठला? हुबळीचा, दीड किलोमीटरचा. (आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांना विचाराल तर हा विक्रम नव्हे, शिक्षा आहे.) अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, असं कुठलं? नवापूर. सगळ्यात छोटं नाव? ओडिशातलं ईब.

आणि देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची गाडी? विवेक एक्सप्रेस. आसामातल्या दिब्रुगडहून निघते ती थेट कन्याकुमारीला. सुमारे ४,२०० किलोमीटर, तीन दिवसांहून जास्त प्रवास. हे सांगताना त्याचे डोळे चमकतात, पण माझ्या डोक्यात भलताच हिशोब सुरू होतो. उकळलेलं पाणी चोवीस तास चालतं, मग वाटेत ते परत उकळायचं कुठे? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे सूर्यास्त किती वाजता धरायचा? डिसेंबरात दिब्रुगडला साडेचारच्या आत सूर्य मावळतो, कन्याकुमारीला सहा वाजून गेल्यावर. गाडी एक, तिचं घड्याळ एक, आणि संध्याकाळीत पावणेदोन तासांचा फरक!

हे एकच घड्याळसुद्धा पूर्वी नव्हतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा प्रत्येक मोठ्या शहराची वेळ आपापल्या सूर्यावर चाले. मुंबईची वेगळी, कलकत्त्याची वेगळी. पुढे रूळ एकमेकांना जोडले गेले तशी वेळापत्रकाची पंचाईत झाली, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधली. त्यामुळे मुंबईच्या घड्याळात पाच वाजलेले असले तरी स्टेशनच्या हिशोबाने साडेपाच! शहराच्या घड्याळावर विसंबून घरून निघालेल्या माणसाची गाडी चुकायचीच. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एक प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत जुनी मुंबई वेळ पाळणारे होतेच, आणि तेही थेट १९५५ पर्यंत. मला त्यांचा हट्ट कळतो. आपल्या डोक्यावरचा सूर्य दिसत असताना दुसऱ्या गावची वेळ का मानायची?

हाच वाद आमच्या डब्यात झाला. आम्ही अठराजणी सांगलीहून मुंबईमार्गे शिखरजीला निघालो होतो. डिसेंबरचे दिवस. सासूबाईंचा रात्रीभोजनाचा त्याग पंचवीस वर्षांचा, तोही सूर्यास्ताच्या दोन घटका आधी ताट पुसून मोकळं करण्याचा. शिवाय त्यांना साखरेचा त्रास. संध्याकाळच्या जेवणाआधी गोळी, आणि दोन जेवणांत फार अंतर पडलं की हातपाय थरथरतात.

गाडी जबलपूर सोडून सतन्याकडे चालली होती. चार वाजून गेले आणि सासूबाईंनी डबा काढायला सांगितला. समोरच्या काकू म्हणाल्या, “अहो, एवढ्यात कशाला? घरी आपण सव्वापाचपर्यंत जेवतो. नियम तिथे महाराजांपुढे घेतला, मग वेळही तिथलीच धरायची. त्यात तुम्हाला साखरेचा त्रास. इतक्या लवकर जेवलात तर रात्र कशी निघायची?”

त्यांच्या बोलण्यात माया होती आणि मुद्दाही होता. पण सासूबाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाभळींच्या सावल्या शेतभर लांबल्या होत्या. “नियम वेळेचा घेतला नाही गं, सूर्याचा घेतलाय. तो काय सांगलीला थांबलाय?” म्हणाल्या आणि गोळी घेतली. दशम्या, लसूण न घातलेली शेंगाचटणी, गूळ. साडेचारला त्यांनी पाणीही सोडलं. सतन्याच्या सुमारास, साडेपाच व्हायच्या आधीच बाहेर अंधारू लागलं. काकूंनी त्यांचा डबा उघडलाच नाही, नुसत्या बसून राहिल्या. मला त्यांचं वाईट वाटलं.

माझी काळजी रात्रीची होती. पण त्यातही एक गंमत आहे, आणि ती मला निघण्यापूर्वी कागदावर हिशोब मांडल्यावरच कळली होती. पूर्वेकडे जाताना संध्याकाळ लवकर येते, तशी सकाळही लवकर येते. सांगलीला डिसेंबरात सूर्य सात वाजायच्या सुमारास उगवतो, पारसनाथला साडेसहाच्या आतच. म्हणजे सूर्योदयानंतरच्या दोन घटका धरूनही सकाळचं पहिलं पाणी घरच्यापेक्षा अर्धा तास आधी मिळतं. हे डॉक्टरांना दाखवूनच आम्ही निघालो होतो. सकाळी पारसनाथला उतरलो, सासूबाईंनी फलाटावर बाकावर बसून णमोकार म्हटला, आणि सव्वासातला दूध घेतलं. हात थरथरत नव्हते. मी दोनदा बघितले.

पारसनाथ हे स्टेशनचं नाव मुलाच्या विक्रमांच्या यादीत नाही. तेविसाव्या तीर्थंकरांचं नाव वेळापत्रकात छापलेलं, तिकिटावर छापलेलं. तिथून मधुबनला मोटारीने जायचं, आणि मग सत्तावीस किलोमीटरची वंदना.

जाणाऱ्यांसाठी एक सांगते. फोनमध्ये गावाचं नाव घातलं की सूर्यास्त कळतो, पण घाटात नि जंगलात रेंज जाते. मी जबलपूर, सतना, पारसनाथ यांच्या वेळा चिठ्ठीवर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवल्या होत्या. परतताना काकूंनी ती उतरवून घेतली. चैत्रात निघणार असाल तर मात्र नवी चिठ्ठी करा, कारण डिसेंबरात सांगली आणि पारसनाथच्या सूर्यास्तात तासाचा फरक पडतो, तो तेव्हा कमी होतो.