ठमीला सोबत नको होती

म्हाताऱ्या मांजरांच्या घरात एखादं खेळकर पिल्लू आणावं, त्यांना तरतरी येते, हे मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले. अगदी मनापासून. सोसायटीत कुणाचं मांजर वयानं मंदावलं, दिवसभर पलंगाखाली पडून राहायला लागलं, की माझा सल्ला तयार असे: पिल्लू आणा, मग बघा कसं उठून बसतं ते. आता मी हा सल्ला देत नाही. माझं मत बदललंय आणि ते फक्त मांजरांपुरतं बदललेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

या मताची मुळं गुहागरजवळच्या आमच्या घरात होती. तिथे कायम पाच-सहा मांजरं असायची. भाट्या वर्षातून दोनदा व्यायच्या, पिल्लं अंगणभर धुडगूस घालायची आणि त्यांच्यातच म्हातारी काळी भाटी वावरत असायची. माझ्या आठवणीत ती सगळी एकत्र होती. माणसांचंही तसंच. नातवंडं म्हणजे दुधावरची साय, हे ऐकतच आम्ही वाढलो. घरात लहान मूल असलं की म्हातारपण सुखाचं जातं, एकटं राहिलं की माणूस खचतं, यावर माझ्या पिढीत कुणी शंका घेतल्याचं आठवत नाही. मी तोच नियम मांजरांना लावत होते.

माझ्या दोन मांजरांपैकी ठमी तेराव्या वर्षात होती आणि बाळ्या दहा वर्षांचा, तेव्हा भिंगरी आली. पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या इंजिनाला बिलगून बसली होती, दोनेक महिन्यांची असेल. वॉचमनच्या मुलांनी तिला रोज खाऊ घातलेलं असल्यानं माणसांची भीती मुळीच नव्हती. मांजराच्या पिल्लाचे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे असतात, त्या काळात माणसाचा हात लागला तर ते जन्मभर माणसाळलेलं राहतं, असं अभ्यासक सांगतात. त्या मुलांनी ते काम नकळत करून ठेवलं होतं. मी तिला आधी मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. पॅनल्यूकोपेनिया या विषाणूजन्य रोगानं अख्खी वेतं दगावलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे लस आणि रक्ततपासणी झाल्याशिवाय तिला घरात मोकळं सोडायचं नाही, याबाबत मी कडक होते.

नाव भिंगरी का ठेवलं, ते तिला पाच मिनिटं पाहिलेल्या कुणालाही कळेल. ती चालत नसे. पडद्यावर चढायची, तिथून कपाटावर, कपाटावरून माझ्या पाठीवर. पोळ्या लाटताना पिठाच्या डब्यात पंजा, केर काढताना झाडूवर हल्ला, पहाटे पाचला पांघरुणातून बाहेर आलेल्या पायाच्या अंगठ्याची शिकार. मांजरं मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणारी, त्यामुळे त्या दोन वेळांना तिच्या अंगात जे संचारायचं ते बघत राहावं असंच होतं. घर जिवंत झालं होतं. मला ती फार आवडली, आजही आवडते.

बाळ्याही तिच्यावर खूश होता. आधी दोन-चार वेळा फिस्कारला, मग एका संध्याकाळी दिवाणावर आडवा होऊन शेपटीचं टोक हलवत राहिला आणि ती झडप घालायची तेव्हा तिला हळूच पंजानं दूर ढकलायचा. त्याचं खाणं सुधारलं, चाल सुधारली. मी ज्याला त्याला त्याचे फोटो दाखवत होते.

ठमीचं मात्र सगळं उलट होत गेलं. ती आधी फिस्कारायची, गुरगुरायची. मग गप्प झाली आणि फ्रिजच्या मागच्या फटीत बसायला लागली. बाळ्याच्या उदाहरणावरून मला वाटत राहिलं की हिचाही राग निवळेल, वेळ द्यायला हवा. आणि एके दिवशी तिनं माझ्या गोधडीवर लघवी केली. तेरा वर्षांत कधी न केलेली गोष्ट. नंतर पुन्हा केली, बाथरूमच्या दाराबाहेरच्या पायपुसण्यावर.

डॉक्टरांनी आधी लघवी तपासली, मग रक्त, मग एक्स-रे काढला. मागच्या दोन्ही पायांच्या सांध्यांची झीज झालेली होती. त्यांनी मला एक आकडा सांगितला, तो मी नंतर शोधून वाचला. २००२ साली अमेरिकेत एलिझाबेथ हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यांतल्या ९० जणांच्या सांध्यांत झीज दिसली होती. म्हणजे हा आजार अपवादानं होणारा नाही, तो म्हातारपणाबरोबर येणाराच म्हणायला हवा. तरी आपल्याला कळत नाही, कारण मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. ते उंच चढणं सोडतं, पाठ चाटणं कमी करतं, जास्त झोपतं, आणि आपण म्हणतो, वय झालं. (इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: दुखतंय म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. त्यांच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. एका गोळीनं मांजर मरू शकतं.)

डॉक्टरांनी मग मांजरांच्या शी-शूचा ट्रे कुठे आहे ते विचारलं. ट्रे बाथरूममध्ये, बाथरूमला दार एकच, आणि त्या दाराआड दबा धरून बसणं हा भिंगरीचा सर्वांत लाडका खेळ. दुखऱ्या कमरेनं ट्रेची उंच कड ओलांडायची, आत नीट बसायचं, आणि बाहेर पडताना पाठीवर कुणीतरी उडी मारायची. ठमीनं गोधडी निवडली, कारण गोधडी मऊ होती आणि तिथे चारही बाजूंना वाट मोकळी होती. यात हट्ट नव्हता, सूडही नव्हता.

औषध सुरू झालं, पण माझं मत अजून जागचं हललं नव्हतं. मला वाटत होतं, दुखणं कमी झालं की सोबत आवडेल. ते हललं आईशी फोनवर बोलताना. मी तिला म्हटलं, "आपल्याकडे सगळी मांजरं कशी एकत्र राहायची गं, हिलाच काय झालंय?"

"एकत्र?" आई म्हणाली. "एकत्र कुठे होती? काळी माळ्यावर असायची. पिल्लं खाली आली की ती वर जायची ती दिवेलागणीला उतरायची. तिचं ताट मी माळ्याच्या शिडीवर ठेवत असे. बोके परसात, बाकीच्या गोठ्यात." जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्ही सगळ्या मुलांना घेऊन मे महिन्यात यायचात ना, तेव्हा जेवणं झाली की मी माजघराचं दार लावून घ्यायचे. आठवतंय? मुलांना वाटायचं आजी झोपली. झोप कसली, कुणीतरी हात लावायचं थांबावं एवढंच वाटायचं."

माझ्या मुलांबद्दलच ती हे सांगत होती. ती मुलं तिचा जीव की प्राण आहेत. त्यांच्यासाठी ती आजही आंबोशी करून ठेवते. आणि तरी दुपारी दार लावून घ्यायची. दोन्ही खरं आहे, आणि इतकी वर्षं मी त्यांतलं एकच पाहिलं होतं.

त्यानंतर मी मांजरांविषयी वाचू लागले, तेव्हा आईनं सांगितलेलंच दुसऱ्या शब्दांत भेटत गेलं. आपली पाळीव मांजरं फेलिस लिबिका या आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या जंगली मांजराची वंशज आहेत. २००७ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासानं ते स्पष्ट केलं. ते मांजर एकट्यानं शिकार करतं, कारण त्याची शिकार असते उंदराएवढी. एका उंदरात एकाचंच पोट भरतं, तिथे टोळी करून उपयोग काय? जिथे खाणं मुबलक असतं तिथे मांजरं जवळ राहतात खरी, पण अशा घोळक्याचा गाभा बहुधा नात्यातल्या माद्यांचा असतो: आई, मुली, मावश्या. गोठ्यातलं दूध आणि माशांची आतडी यांवर वाढलेल्या आमच्या भाट्या नेमक्या तशाच होत्या, सगळ्या एकमेकींच्या पोटच्या. ठमीच्या दृष्टीनं भिंगरी परकीच होती.

पॉल लायहाउझेन या जर्मन प्राणिवर्तन अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या मध्यात मोकळी फिरणारी मांजरं पाहून एक गोष्ट नोंदवली होती, ती मला फार महत्त्वाची वाटते. एकाच परिसरातली मांजरं वाटा आणि बसायच्या जागा वेळेनं वाटून घेतात. एक जात असेल तर दुसरं लांबून बघतं, थांबतं, ते गेल्यावर पुढे होतं. म्हणजे त्यांच्यात शांतता असते ती भेट टाळता येण्यामुळे. कोकणातल्या घराला माळा होता, परस होतं, पडवी होती. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकमेकांना टाळायची सोयच मी ठेवलेली नव्हती, आणि वर त्यांनी प्रेमानं राहावं असं मला वाटत होतं.

मग घर बदललं. फर्निचर तेच, मांडणी निराळी. आता ट्रे चार आहेत, मांजरांपेक्षा एक जास्त, कुठलाही कोपऱ्यात कोंडलेला नाही, आणि ठमीचा ट्रे म्हणजे एक कड कापून खाली केलेलं प्लास्टिकचं घमेलं आहे. पाण्याची भांडी खाण्यापासून लांब, तीन ठिकाणी. शिवणयंत्राच्या टेबलाशी दोन पायऱ्यांची लाकडी चढण सुताराकडून करून घेतली, कारण ठमीला उंच जागा हवी होती पण उडी मारता येत नव्हती. त्या टेबलावर तिची गोधडी. खिडकीतून रस्ता दिसतो, खिडकीला जाळी आहे. झोपायच्या खोलीचं दार दुपारी बंद असतं, आत फक्त ठमी. भिंगरी दाराशी येऊन पंजे घालते, म्याँव म्याँव करते, मी दार उघडत नाही. पूर्वी उघडलं असतं, पिल्लाची दया येऊन.

फिस्कारण्याबद्दलही माझं मत पूर्ण बदललं. ठमी फिस्कारली की मी तिला दटावत असे, "लहान आहे ना ती?" म्हणून. लहानाशी मोठ्यानं समजूतदारपणे वागायचं हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. पण फिस्कारणं हा मारामारी टाळायचा मार्ग आहे. 'आणखी जवळ येऊ नको' एवढंच त्यात असतं, आणि ते बोलायची मुभा काढून घेतली की उरतं बोचकारणं किंवा फ्रिजमागची फट. आता ठमी फिस्कारली की मी तिला काही म्हणत नाही. उठते, आणि भिंगरीला दुसऱ्या खेळात गुंतवते.

तिला गुंतवणं हे माझं काम आहे, ठमीचं नाही. मला या सगळ्यात आज सर्वांत ठामपणे वाटणारी गोष्ट हीच आहे. पिल्लाची रग खरी असते, ती जिरवायलाच हवी, आणि त्यासाठी म्हाताऱ्या मांजराची शेपटी हे खेळणं नव्हे. रोज संध्याकाळी आणि झोपण्याआधी मी काठीला दोरी आणि पीस बांधून तिला पळवते, दमेपर्यंत, आणि शेवटी ते पीस तिच्या पंजात सापडू देते. लगेच खायला देते. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे, तो पुरा झाला की पहाटे पाचचं प्रकरण बरंच शांत होतं. माझा हात मी खेळणं म्हणून कधीच वापरत नाही; हाताशी झुंजायला शिकलेलं पिल्लू मोठं झाल्यावरही तेच करतं आणि तेव्हा त्याचे दात दुधाचे नसतात.

भिंगरीला मात्र मी कधी रागावले नाही, रागावणारही नाही. तिनं काही वावगं केलेलंच नाही. या वयाच्या पिल्लाला झटापट करायला, चावलं की किती लागतं ते शिकायला भावंडं असतात. हिला ती नव्हती, म्हणून ती ठमीकडे जात होती.

बाळ्या आणि ती आजही खेळतात. तेव्हा माझं जुनं मत सगळंच खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. निरोगी, स्वभावानं सैल, फार म्हातारं न झालेलं मांजर असेल तर पिल्लानं त्याला खरोखर बरं वाटू शकतं. पण ते आधी त्या मांजराकडे बघून ठरवायला हवं, सांध्यांची आणि मूत्रपिंडांची तपासणी करून. आपल्याला घरात चैतन्य हवंय म्हणून ठरवायला नको. मला हवं होतं. तिघं एका गोधडीवर झोपलेली बघायची माझी इच्छा होती, आणि ती पुरी होणार नाही हे कळल्यावर मला वाईट वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं. ठमी आणि भिंगरी एकमेकींना ओळखून आहेत, एक स्वयंपाकघरात आली की दुसरी बाहेरच्या खोलीत जाते. ठमीचं वजन पुन्हा वाढलंय, ती फ्रिजमागे जात नाही, पाठ चाटते. माझ्या लेखी ते पुरेसं आहे.

सोसायटीत मागच्या इमारतीच्या जिन्याखाली पुन्हा पिल्लं झाली आहेत, तीन. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा बोका पंधरा वर्षांचा आहे, त्याला सोबत म्हणून त्यांना एक हवं आहे. पूर्वीच्या माझ्याच सल्ल्याची त्या मला आठवण करून देतात. मी त्यांना आधी बोक्याला डॉक्टरांकडे न्यायला सांगितलंय, आणि त्यांच्याबरोबर मीही जाणार आहे. पिल्लांसाठी दुसरं घर शोधते आहे, जिथे म्हातारं मांजर नाही असं, आणि निदान दोघं जोडीनं जातील असं. तिसऱ्याचं अजून ठरलेलं नाही. तिघांचीही पहिली लस येत्या आठवड्यात आहे.