एक रकाना
बाबांचे शिवणकामाचे दुकान. मशीन थांबले की मिळकत थांबली. पगारी रजा नाही, कामगार विमा नाही. आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर सप्टेंबर २०२५ मध्ये उठला, तेव्हा कुठे ते तयार झाले.

अर्ज मी भरत होते. 'पूर्वीचे आजार' या रकान्यापाशी पेन अडले.

"साखरेचं लिहू नकोस गं, हप्ता वाढेल," बाबा हळूच म्हणाले. गिऱ्हाइकाचे बोटभर कापड कधी ठेवून न घेणारे माझे बाबा!

"लपवलं तर ऐन वेळी पैसे नाकारतील. सांगितलं तर त्या आजारापुरते फार तर ३६ महिने थांबायचं."

"आणि तेवढ्यात काही झालं तर?" आईने विचारले.

उत्तर माझ्यापाशी नव्हते. बाबांनीच पेन घेतले आणि ठळक अक्षरांत लिहिले : मधुमेह.

त्या रात्री मशीन उशिरापर्यंत चालू होते.